ओलेक्सांद्र उसिक हेवीवेटमध्ये अपराजित कसा राहिला?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उंचीने आणि वजनाने बराच कमी असूनही हेवीवेट गटात सतत कसा जिंकत आला, त्याची जडणघडण कशी झाली, आणि नव्याने मुष्टियुद्ध पाहू लागलेल्या माणसाने त्याची कोणती लढत आधी पाहावी. मी या खेळाचा जुना प्रेक्षक आहे आणि उसिकच्या बहुतेक मोठ्या लढती मी पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत पाहिल्या आहेत. माझ्या मते त्याच्या यशाचे मूळ त्याच्या पायांत आणि दमसासात आहे, आणि हे दोन्ही त्याने जवळजवळ प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या अंगणात जाऊन सिद्ध केले आहे. त्याच्या कारकिर्दीकडे या दृष्टीने पाहिले, की तिचा मोठेपणा नीट कळतो.

उसिकचा जन्म 17 जानेवारी 1987 रोजी क्रिमियातील सिम्फेरोपोल येथे झाला. तेव्हा हा भाग सोव्हिएत संघात होता. लहानपणी त्याचे सारे लक्ष फुटबॉलकडे होते आणि तो सिम्फेरोपोलच्याच ताव्रिया क्लबच्या मुलांच्या संघातून खेळत असे. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे फुटबॉलचा खर्च परवडेना, तेव्हा वयाच्या पंधराव्या वर्षी तो मुष्टियुद्धाकडे वळला. या खेळात पंधरावे वर्ष म्हणजे उशीरच. ज्याच्याशी त्याची पुढे जिवलग मैत्री झाली तो युक्रेनचाच मुष्टियोद्धा वासिल लोमाचेन्को लहानपणापासून वडिलांच्या, म्हणजे अनातोली लोमाचेन्को यांच्या, हाताखाली घडत होता. उसिकने मात्र हातमोजे चढवले तेव्हा त्याच्याजवळ फुटबॉलने घडवलेले पाय तेवढे होते. त्याच्या खेळाचा पाया तिथेच घातला गेला असे मला नेहमी वाटते, कारण सतत दिशा बदलत पळण्याची सवय मोठ्या वजनाच्या मुष्टियोद्ध्यांत सहसा दिसत नाही.

हौशी गटातील त्याची वाटचाल सरळ रेषेत झाली नाही. 2008 मध्ये लिव्हरपूल येथील युरोपीय स्पर्धेत त्याने 81 किलो गटाचे सुवर्णपदक मिळवले आणि त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो 91 किलो गटात उतरला. तिथे उपांत्यपूर्व फेरीत इटलीच्या क्लेमेंते रुस्सोने त्याला हरवले. 2009 मध्ये मिलान येथील जागतिक स्पर्धेत त्याला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. 2011 मध्ये बाकू येथे तो जगज्जेता झाला आणि 2012 मध्ये लंडन ऑलिंपिकला गेला. तिथे उपांत्यपूर्व फेरीत त्याने रशियाच्या आर्तुर बेतेरबियेवला हरवले, जो पुढे व्यावसायिक लाइट हेवीवेट गटाचा निर्विवाद विजेता, म्हणजे सर्व प्रमुख संघटनांचे विजेतेपद एकाच वेळी राखणारा, झाला. अंतिम फेरीत समोर पुन्हा रुस्सोच होता. चार वर्षांपूर्वीच्या पराभवाची परतफेड उसिकने 14-11 अशी केली आणि निकाल जाहीर होताच रिंगमध्येच होपाक हा कोसॅक नाच धरला. ज्या स्पर्धेत आपण भारतीयांनी मेरी कोमचे कांस्यपदक साजरे केले त्याच स्पर्धेतला हा प्रसंग, पण तेव्हा आपल्याकडे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. त्या विजयानंतर थोड्याच काळात, मुलाचे पदक हातात घेऊन पाहण्याआधीच, त्याचे वडील वारले. वडिलांचा विषय निघाला की हा धिप्पाड माणूस आजही पत्रकारांसमोर गहिवरतो.

नोव्हेंबर 2013 मध्ये कीव्ह येथे त्याने व्यावसायिक कारकीर्द सुरू केली, ती व्हिताली आणि व्लादिमिर क्लिच्को या माजी हेवीवेट विजेत्या बंधूंच्या के-टू या लढती आयोजित करणाऱ्या प्रवर्तक संस्थेकडून. पुढच्याच वर्षी रशियाने क्रिमिया गिळंकृत केला आणि उसिकचे जन्मगाव त्याच्या देशापासून तुटले.

आता दुसऱ्याच्या अंगणाचा मुद्दा. उसिक आधी ज्या क्रूझरवेट गटात लढला त्याची कमाल वजनमर्यादा 200 पौंड, म्हणजे सुमारे 90.7 किलो असते. सप्टेंबर 2016 मध्ये पोलंडच्या क्शिश्तोफ ग्वोवात्स्कीला पोलंडमधीलच ग्दान्स्क येथे हरवून उसिकने डब्ल्यूबीओ या जागतिक संघटनेचा पट्टा, म्हणजे विजेतेपद, मिळवला. ती त्याची अवघी दहावी व्यावसायिक लढत होती. या गटात अमेरिकेच्या एव्हांडर होलीफिल्डला जागतिक विजेतेपदासाठी बारा लढती लागल्या होत्या. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग सुपर सिरीज या बाद पद्धतीच्या स्पर्धेत त्याने जर्मनीत कारकीर्द केलेल्या मार्को हुकला बर्लिनमध्ये दहाव्या फेरीत थांबवले, लॅटव्हियाच्या मायरिस ब्रिएदिसला रिगामध्ये गुणांवर हरवले आणि 21 जुलै 2018 रोजी रशियाच्या मुरात गासियेवला मॉस्कोत पराभूत करून चारही प्रमुख संघटनांचे पट्टे एकत्र केले. गुणांवर निकाल लागणाऱ्या खेळात यजमानाला हरवणे किती अवघड असते हे वेगळे सांगायला नको. प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी पंचांचे मन झुकू शकते, म्हणून पाहुण्याला निर्विवाद फरकाने जिंकावे लागते. रिगातील लढत खरोखर अटीतटीची झाली आणि एका पंचाने ती बरोबरीत ठरवली. मॉस्कोत मात्र एका पंचाने बाराच्या बारा फेऱ्या उसिकला दिल्या आणि उरलेल्या दोघांनी अकरा-अकरा. युद्धाच्या छायेत, प्रतिस्पर्ध्याच्या राजधानीत मिळालेला असा निकाल मला त्याच्या सर्व पट्ट्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

हे तो कसे साधतो? उसिक डावखुरा आहे, म्हणजे उजवा हात आणि उजवा पाय पुढे ठेवून उभा राहतो, तर त्याचे बहुतेक प्रतिस्पर्धी डावा पाय पुढे ठेवतात. अशा दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात, आणि ज्याचा पाय दुसऱ्याच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला पडतो त्याला ठोशासाठी सरळ वाट मिळते. उसिक ही बाहेरची जागा संपूर्ण लढतभर मागत राहतो. तो आपल्या उजवीकडे सरकत जातो, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा जोरकस उजवा हात त्याच्यापासून लांब पडतो आणि त्याचा स्वतःचा डावा हात मात्र समोरच्याच्या हनुवटीच्या रेषेत येतो. पुढच्या उजव्या हाताने तो सतत चाचपणी करत असतो. त्यातले कित्येक ठोसे मुळात लागण्यासाठी मारलेलेच नसतात. समोरच्याची नजर झाकणे, त्याला हात वर घ्यायला लावणे आणि त्याचा तोल पाहणे एवढेच त्यांचे काम असते. मधल्या रेषेवर अंग झुलवत बचावफळीला आधी हलायला लावणारा कबड्डीतला मुरलेला चढाईपटू आठवावा, तसा हा प्रकार आहे. प्रत्येक हुलकावणीला प्रतिसाद देण्यात जड शरीराची शक्ती खर्च होते, आणि सहाव्या-सातव्या फेरीनंतर समोरचा धापा टाकू लागतो तेव्हा उसिक वेग वाढवतो. लहान शरीराची उणीव तो अशी लढतीच्या उत्तरार्धात भरून काढतो.

नंतर तो ज्या हेवीवेट गटात आला त्याला वजनाची वरची मर्यादा नाही. उसिकची उंची सुमारे 191 सेंटिमीटर आहे, म्हणजे सामान्य माणसाच्या मानाने तो उंचच आहे, पण या गटात ती मध्यमच म्हणायची. 25 सप्टेंबर 2021 रोजी लंडनच्या टॉटनहॅम स्टेडियमवर तो ब्रिटनच्याच अँथनी जोशुआसमोर उभा राहिला तेव्हा जोशुआ सुमारे 109 किलोचा होता आणि उसिक सुमारे 100 किलोचा. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांनी उसिकच्या बाजूने कौल दिला, आणि शेवटच्या फेरीत दोरांना टेकलेला, घंटेची वाट पाहणारा माणूस जोशुआ होता.

त्यानंतर पाच महिन्यांनी, फेब्रुवारी 2022 मध्ये, रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केले. उसिक तेव्हा परदेशात होता. तो मायदेशी परतला आणि कीव्हच्या प्रादेशिक संरक्षण दलात दाखल झाला. इथे एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. त्याआधीची काही वर्षे क्रिमियाविषयी थेट उत्तर न देण्याबद्दल आणि मॉस्कोशी संलग्न चर्चशी असलेल्या जवळिकीबद्दल युक्रेनमध्येच त्याच्यावर कठोर टीका होत असे, आणि ती टीका निराधार नव्हती. 2022 च्या त्या निर्णयाने लोकांची त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. मार्चमध्ये तो जोशुआशी दुसऱ्यांदा लढण्याच्या तयारीसाठी देशाबाहेर गेला. रुग्णालयात भेटलेल्या जखमी सैनिकांनीच आपल्याला लढायला जा असे सांगितले, असे त्याने नंतर सांगितले आहे. 20 ऑगस्ट 2022 रोजी जेद्दा येथे झालेल्या या लढतीत जोशुआने आपला खेळ सुधारला होता आणि नवव्या फेरीत त्याने पोटावर मारा करून उसिकला अडचणीत आणले. दहाव्या फेरीत उसिकने जे उत्तर दिले ते पाहताना या माणसाजवळ अजून किती श्वास शिल्लक आहे याचे आश्चर्य वाटत राहते. तीनपैकी दोन पंचांनी त्याला विजयी ठरवले.

2023 मध्ये पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे ब्रिटनच्या डॅनियल ड्युबुआविरुद्धच्या लढतीत पाचव्या फेरीत वाद झाला. ड्युबुआचा ठोसा कमरेच्या पट्ट्याच्या अगदी रेषेवर बसला (त्याखाली मारणे नियमबाह्य असते), रेफरीने तो बेकायदा ठरवला आणि उसिकला सावरण्यासाठी वेळ मिळाला. त्या ठोशाचे चित्रण मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे मला प्रामाणिक वाटते. उसिकने नवव्या फेरीत ती लढत संपवली, तरी शंका मागे उरलीच.

मग आला ब्रिटनचा टायसन फ्युरी, सुमारे 206 सेंटिमीटर उंचीचा आणि स्वतः उत्तम पदलालित्य असलेला. 18 मे 2024 रोजी रियाधमध्ये पहिल्या तीन फेऱ्या उसिकने पुढे सरसावून खेळल्या, पण चौथ्या ते सातव्या फेरीत फ्युरीने त्याला अक्षरशः खेळवले. पोटावरचे ठोसे आणि खालून येणारे अपरकट उसिकला दिसत नव्हते, आणि फ्युरी हात खाली सोडून त्याला चिडवत होता. आठव्या फेरीत उसिकचे ठोसे पुन्हा लागू लागले. नवव्या फेरीत त्याचा डावा हात फ्युरीच्या चेहऱ्यावर आदळला आणि फ्युरीचे पाय लटपटले. तो रिंगच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे झोकांड्या खात गेला, त्याच्यामागे उसिक एकामागून एक ठोसे मारत राहिला. दोरांनी धरून ठेवले नसते तर फ्युरी आडवाच झाला असता, म्हणून रेफरीने मध्ये पडून तो खाली पडल्याचे मानले आणि गणना केली. क्षणभरात घंटा झाली आणि फ्युरी वाचला.

या गणनेचे मोल गुणपत्रिकेत पाहावे. 115-112 आणि 114-113 असे दोन पंच उसिकच्या बाजूने होते, तर तिसऱ्याने 114-113 असा कौल फ्युरीला दिला. फेरी जिंकणाऱ्याला सहसा 10 आणि हरणाऱ्याला 9 गुण मिळतात, आणि खाली पडलेल्याचा एक गुण जास्त जातो. ती गणना झाली नसती आणि नववी फेरी नेहमीप्रमाणे 10-9 धरली गेली असती, तर दुसऱ्या पंचाच्या पत्रिकेवर 114-114 अशी बरोबरी झाली असती आणि संपूर्ण लढतच अनिर्णित राहिली असती. 1999 मध्ये लेनॉक्स लुइसने मिळवलेले आणि त्यानंतर कोणालाच न जमलेले निर्विवाद हेवीवेट विजेतेपद त्या काही सेकंदांवर ठरले. क्रूझरवेट आणि हेवीवेट या दोन्ही गटांत निर्विवाद विजेता ठरण्याची कामगिरी त्याआधी फक्त होलीफिल्डने केली होती.

डिसेंबर 2024 मधील दुसऱ्या लढतीत फ्युरी सुमारे 127 किलो वजनाने उतरला, उसिकपेक्षा जवळजवळ 25 किलोने अधिक, आणि तरीही तिन्ही पंचांनी 116-112 असा एकच निकाल दिला. दरम्यान चार प्रमुख संघटनांपैकी आयबीएफचा पट्टा उसिकला सोडावा लागला होता आणि तो ड्युबुआकडे गेला होता. 19 जुलै 2025 रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर, वयाच्या 38 व्या वर्षी, उसिकने ड्युबुआला पाचव्या फेरीत दोनदा पाडून तो परत मिळवला आणि व्रोत्सवाफच्या वादावरही पडदा टाकला. त्या लढतीअखेर त्याच्या नावावर 24 लढती आणि 24 विजय होते, त्यातले 15 नॉकआउटने.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर: सुरुवात गासियेवविरुद्धच्या मॉस्कोतील लढतीपासून करावी, कारण तिथे प्रतिस्पर्धी तुलनेने संथ असल्यामुळे उसिकच्या पायांचे काम नवख्या डोळ्यालाही स्पष्ट दिसते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत हातांकडे दुर्लक्ष करून फक्त दोघांच्या पुढच्या पावलांकडे पाहावे आणि बाहेरची जागा कोण घेतो याची नोंद ठेवावी. त्यानंतर फ्युरीविरुद्धची पहिली लढत सलग, मधल्या फेऱ्या न गाळता पाहावी. पाचव्या आणि सहाव्या फेरीत उसिक किती मागे पडला होता हे पाहिल्याशिवाय नवव्या फेरीचा अर्थ लागत नाही. जोशुआविरुद्धच्या दोन लढतींपैकी आधी जेद्दाची पाहिली तरी चालेल, पण तिची नववी आणि दहावी फेरी एकापाठोपाठ एक पाहावी.