वाचकांचे प्रश्न: विमान अर्धा तास थांबतं, मग रॉकेट का नाही?

प्रश्न: विमान २० मिनिटं उशिरा सुटलं आणि ५ मिनिटं आधी पोहोचलं. वैमानिकाने वेग वाढवला का?

थोडाच. वेग वाढवायला वाव कमी असतो आणि इंधन मात्र भराभर जळतं. वाचलेली बहुतेक मिनिटं वेळापत्रकातच दडवून ठेवलेली असतात. तिकिटावर दिसतो तो ‘ब्लॉक टाइम’: सुटताना चाकांचे चोक (चाकांपुढचे अडसर) काढल्यापासून पोहोचल्यावर ते पुन्हा लावेपर्यंतचा वेळ.

हिशोब असा मांडा. हवेत ९५ मिनिटं, निघताना टॅक्सीइंग, म्हणजे गेटपासून धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणं, १५ (त्यातली ८ नुसती धावपट्टीच्या रांगेत) आणि उतरल्यावर गेटपर्यंत ७. एकूण ११७ झाली, पण वेळापत्रकात छापतात १३०. त्या दिवशी रांग नव्हती म्हणून ८ वाचली, राखीव १३ कामी आली, वेग आणि थोडी सरळ वाट मिळून ४. झाली २५.

ही १३ मिनिटं अंदाजपंचे नसतात. त्याच मार्गावरच्या, त्याच प्रहरातल्या मागच्या हंगामाच्या फेऱ्या प्रत्यक्षात किती वेळात झाल्या ते पाहतात. सरासरी धरली तर जवळपास निम्म्या फेऱ्या उशिरा ठरतील, म्हणून आकडा तिच्या थोडा वर घेतात. शिवाय १५ मिनिटांच्या आतला उशीर बऱ्याच ठिकाणी ‘वेळेवर’मध्येच मोजतात. त्यामुळे वक्तशीरपणाची टक्केवारी वाचून फार हुरळून जाऊ नये. अर्थात ही उदारता फुकट नसते. दिवसाच्या सहा फेऱ्यांत प्रत्येकी १० मिनिटं जास्त धरली की त्या विमानाचा एक तास गेला.

प्रश्न: सकाळची पहिली फेरी खरंच भरवशाची असते का?

हो. विमान रात्रभर तिथेच उभं असतं, त्यामुळे आदल्या फेरीचा उशीर अंगावर येत नाही. पुढे मात्र साखळी सुरू होते. अरुंद (आत एकच वाट असलेल्या) विमानाला दोन फेऱ्यांच्या मध्ये ४० मिनिटं दिलेली असतील, तर न आलेल्या एका प्रवाशाची बॅग पोटातून शोधून काढण्यातच त्यातली बरीच संपतात. क्रू दुसऱ्याच विमानातून येणार असेल तर दोन फेऱ्यांचे उशीर इथे एकत्र येतात. आणि त्यांची ड्यूटीची मर्यादा भरत आली असेल तर फेरीच रद्द होऊ शकते. संध्याकाळी निघताना फलकापेक्षा येणारं विमान कुठे आहे ते बघा. ते तुमच्या वेळेआधी अर्ध्या तासाने उतरणार असेल, तर निवांत चहा घ्या.

प्रश्न: मग खाजगी रॉकेट ढगांसाठी दहा मिनिटं का थांबत नाही? थेट दुसऱ्या दिवसावर का ढकलतात?

मे २०२० मधलं स्पेसएक्सचं पहिलं समानव उड्डाण घ्या. २७ तारखेला दुपारी ४:३३ ची वेळ होती. वातावरणातल्या विजेच्या धोक्यामुळे सुमारे १७ मिनिटं आधी काउंटडाउन थांबवलं. हा धोका पोकळ नव्हे: रॉकेट आणि त्याचा धूर स्वतःच वीज ओढून घेतात. १९६९ मध्ये अपोलो १२ वर पहिल्याच मिनिटात दोनदा वीज पडली होती.

हे यान ज्या अंतराळ स्थानकाकडे निघालं होतं, त्याची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली आहे. पृथ्वी फिरता फिरता प्रक्षेपणतळाला त्या कक्षेच्या प्रतलाखाली (कक्षा ज्या सपाट पातळीत असते तिच्याखाली) आणते, तो क्षण गाठायचा असतो. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश सरकते. आणि त्या उंचीवर कक्षेचं प्रतल १ अंश वळवायचं तर सेकंदाला सुमारे १३४ मीटर जादा वेग लागतो. एवढं इंधन कुणी शिल्लक ठेवत नाही.

या यानाला नेणाऱ्या फाल्कन ९ रॉकेटची आणखी एक अडचण म्हणजे गारवा. त्यातला द्रव ऑक्सिजन उणे २०७ अंश सेल्सिअसच्या आसपास नेलेला असतो, म्हणजे उकळबिंदूच्याही बराच खाली. गार द्रव दाट, म्हणून टाकीत जास्त मावतो. भरणं उड्डाणाच्या ३५ मिनिटं आधी सुरू होतं, आणि भरून झाल्यावर ताटकळलं की तो तापून फुगतो. मग टाक्या रिकाम्या करून नव्या दिवशी नवी सुरुवात.

ते यान ३० मे रोजी ३:२२ ला उडालं. तीन दिवसांत ७१ मिनिटं अलीकडे, रोज साधारण २४. यातली ४ ताऱ्यांच्या तुलनेत मोजलेला दिवस २४ तासांहून छोटा म्हणून. उरलेली २० पृथ्वीचा फुगीर मध्यभाग कक्षेचं प्रतल रोज सुमारे ५ अंश पश्चिमेला ओढतो म्हणून.

प्रश्न: अंतराळ पर्यटनाचं विमानासारखं वेळापत्रक कधी होईल?

ब्लू ओरिजिन कंपनीच्या न्यू शेपर्ड रॉकेटसारखी १०-११ मिनिटांची वर-खाली फेरी त्यातल्या त्यात जवळची, कारण तिला कुठल्याही कक्षेची गाठ घ्यायची नसते. कक्षेत जाणाऱ्यांचं अवघड आहे. फाल्कनचा तोच बूस्टर (परत उतरवून पुन्हा वापरायचा खालचा टप्पा) ९ दिवसांत पुन्हा उडाला, तो २०२५ मध्ये. विमानाला ४० मिनिटं पुरतात.

तोवर रॉकेटचाच धक्का विमानांच्या वेळापत्रकाला बसतो. जानेवारी २०२५ मध्ये स्पेसएक्सच्या स्टारशिप रॉकेटचे तुकडे कॅरिबियन भागात पडू लागले, तेव्हा विमानांना हवेत घिरट्या घालाव्या लागल्या आणि काहींनी दुसरीकडे वाट धरली. जेट विमानातलं ३० मिनिटांचं अंतिम राखीव इंधन घिरट्यांसाठी हिशोबात धरायचं नसतं. त्याच्या वरचं संपत आलं की आकाश कधी मोकळं होईल याची वाट न पाहता उतरायचं, एवढाच पर्याय उरतो.