नऊ वर्षं उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनीला नवी बॅटरी आणून थेट सेल्फ मारला तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे : वडिलांची १९८७ची पद्मिनी नऊ वर्षं शेडमध्ये उभी आहे, बॅटरी साफ मेली आहे; कुठली घ्यावी, आणि ती जोडून लगेच सेल्फ मारावा का?

बॅटरी नवीच घ्या, पण ती जोडायचं काम सगळ्यात शेवटी ठेवा. मेलेली बॅटरी होती तोवर वायरिंगला धोका नव्हता. नवी बॅटरी सेल्फला शंभर-दोनशे अँपिअर सहज पुरवते, आणि उंदराने कुरतडलेली वायर बॉडीला टेकली असेल तर तिच्यातूनही तेवढेच धावतात. जुन्या गाड्यांत इग्निशन आणि चार्जिंगच्या वायरींना बहुधा फ्यूज नसतो. हार्नेस (वायरींचा जुडगा) पेटायला मग काही सेकंद पुरतात.

जुनी बॅटरी काढताना आधी अर्थची (बॉडीला जोडलेली) केबल सोडा, मग पॉझिटिव्ह. उलट केलं तर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला लागताच ठिणगी उडते. क्लॅम्प पांढऱ्या-हिरव्या भुकटीने धरला असेल तर हातोडी मारू नका. गरम पाणी ओतलं की भुकटी विरघळते आणि क्लॅम्प सुटतो. बॅटरी आडवी करू नका. दुकानदार ती परत घेऊन नवीच्या किमतीत काहीतरी वजा करतो, म्हणून भंगारात टाकू नका.

आता रिकामा ट्रे नीट पाहा. सांडलेल्या अॅसिडने खालचा पत्रा खाल्लेला असतो. अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून ओता, फेस येणं थांबेपर्यंत पुन्हा ओता, धुवा, पूर्ण वाळवा, मग गंज खरवडून प्राइमर आणि रंग. बॅटरी दाबून धरणारी पट्टी हरवली असेल तर ती करून घ्या. हलणाऱ्या बॅटरीच्या आतल्या प्लेटा लवकर झडतात.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीला १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ, म्हणजे निगेटिव्ह केबल बॉडीला. (जुनी मॉरिस किंवा ऑस्टिन असती तर पॉझिटिव्ह अर्थ निघण्याची शक्यता होती, म्हणून कुठल्याही जुन्या गाडीत कोणती केबल बॉडीला गेली आहे ते आधी डोळ्यांनी पाहावं.) १०८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाला ३५ ते ४५ अँपिअर-अवरची बॅटरी भरपूर झाली. दुकानात जाताना ट्रेची लांबी, रुंदी, बॉनेट लावल्यावर वर उरणारी उंची आणि पॉझिटिव्ह टर्मिनल कोणत्या बाजूला हवं ते लिहून न्या. बाजू चुकली तर केबल पोचत नाही आणि माणूस ती ताणून बसवतो. दुसरी अडचण टर्मिनलच्या जाडीची. छोट्या जपानी मापाच्या बॅटऱ्यांची टर्मिनलं बारीक असतात आणि जुने क्लॅम्प जाड टर्मिनलसाठी केलेले. मग पत्र्याचा तुकडा किंवा तार घालून क्लॅम्प आवळतात, तो तापतो आणि ढिला होतो. शिशाचं स्लीव्ह मिळतं, ते घाला. मी स्वतः या गाडीला सीलबंद बॅटरी सुचवत नाही. जुना रेग्युलेटर व्होल्टेज कधी जास्त देतो, पाणी उडतं, आणि बूच उघडणाऱ्या बॅटरीत ते डिस्टिल्ड वॉटरने भरता येतं. ड्राय-चार्ज (अॅसिड न भरता विकली जाणारी) बॅटरी मिळाली तर अॅसिड भरून अर्धा तास थांबा आणि ३५ अँपिअर-अवरला साधारण साडेतीन अँपिअरने चार्ज करा. हायड्रोमीटर (अॅसिडची घनता मोजणारी नळी) १.२४० ते १.२५० आणि थोड्या विश्रांतीनंतर व्होल्टमीटर १२.६ व्होल्ट दाखवायला हवा.

अर्थ केबल तपासताना बहुतेक लोक चुकतात, कारण ती बाहेरून चकचकीत दिसते. क्लॅम्पजवळ इन्सुलेशन दोन सेंटिमीटर सोलून बघा. आतलं तांबं काळं किंवा हिरवं आणि भुसभुशीत असेल तर केबल बदला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी विणलेल्या तारेची पट्टी असते. ती तुटली किंवा गंजली की सेल्फचा करंट चोक किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परततो आणि ती केबल तापून धूर येतो. पट्टीखालचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर घट्ट आवळा.

इंजिन आधी हाताने फिरलं पाहिजे. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण १० मिली इंजिन ऑइल घाला, एक रात्र थांबा आणि चौथ्या गिअरमध्ये गाडी हलकेच ढकला. अडकलं तर जोर लावू नका, आणखी तेल आणि आणखी एक दिवस. इंजिन ऑइल बदला. टाकीतलं नऊ वर्षांचं पेट्रोल काढून टाका. त्याचा डिंक कार्ब्युरेटर बुजवतो.

आता बॅटरी. पॉझिटिव्ह क्लॅम्प आवळा. अर्थ केबल थेट जोडू नका. इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब दोन वायरींना लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि अर्थ केबल यांच्या मध्ये धरा. चावी बंद, दारं बंद, सगळे स्विच बंद. बल्बमधून जेमतेम पावणेदोन अँपिअर जातात, म्हणून शॉर्ट असला तरी काही जळत नाही. बल्ब विझलेला राहिला तर बरं. मंद पेटला तर कुठेतरी काहीतरी चालू आहे. बऱ्याचदा दाराचा अडकलेला स्विच आणि आतला दिवा. पूर्ण तेजाने पेटला तर थेट शॉर्ट. एकेक फ्यूज काढत जा, ज्याच्याबरोबर बल्ब विझतो ती लाइन. सगळे फ्यूज काढूनही विझला नाही तर दोष फ्यूज नसलेल्या वायरीत आहे. डॅशखाली आणि हार्नेसच्या क्लिपांपाशी शोधा.

यानंतरच अर्थ आवळा, आणि तिच्यावर कट-ऑफ स्विच बसवून घ्या, कारण गंजलेला सोलेनॉइड (सेल्फला करंट देणारा चुंबकी स्विच) चिकटला तर चावी सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहतो. टर्मिनलला वरून व्हॅसलीन. कॉइलची वायर काढून, प्लग बाहेर ठेवून १० सेकंद सेल्फ मारा, मग एक मिनिट विश्रांती. ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत हेच. याच वेळी मीटरचं एक टोक इंजिन ब्लॉकला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा : ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ अजून खराब आहे.

प्लग आणि कॉइलची वायर परत लावून गाडी सुरू झाली की इंजिन जरा जोरात फिरवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १३.८ ते १४.४ हवं. तुमच्या गाडीत लांब नळकांड्यासारखा डायनमो आणि वेगळा कटआउट (डायनमो मंद असताना त्याला बॅटरीपासून तोडणारा स्विच) असेल तर आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) चार्जचा लाल दिवा मिणमिणणं साहजिक आहे. वेग वाढवूनही मीटर १२.५ वरच राहिला तर ब्रश अडकलेत किंवा डायनमोचं उरलेलं चुंबकत्व गेलंय. ते परत आणायची रीत डायनमोच्या जोडणीनुसार बदलते आणि चुकीची वायर लागली तर कटआउटचे पॉइंट जळतात, म्हणून काळी-पिवळीवर काम केलेला जुना ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. अल्टरनेटर असेल तर इंजिन चालू असताना बॅटरीची केबल कधीही काढू नका, डायोड जातात.

पुढे गाडी उभीच राहणार असेल तर आठवड्याला जागेवर पाच मिनिटं चालू करण्याचा फायदा नाही. सेल्फने खाल्लेला चार्ज आयडलवर भरून येत नाही. महिन्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवा. ते जमत नसेल तर कट-ऑफ स्विच बंद ठेवा आणि मीटर १२.४ व्होल्टच्या खाली गेला की चार्जर लावा.