अंगठ्याची गाठ आणि बीपीची गोळी

प्रश्न : वय ६८. बीपीची गोळी बदलली, त्यानंतर काही महिन्यांनी उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी रात्री ठणका सुरू झाला. चादर लागलेलीही सोसवत नाही. आता तिथे आणि हाताच्या पेरांवर टणक गाठी आल्यात. सूनबाईने तूरडाळ बंद केलीय. दोष गोळीचा असेल का? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, असू शकतो. पाकिटामागे बारीक अक्षरांत ‘हायड्रोक्लोरोथायझाइड’ किंवा ‘क्लोरथॅलिडोन’ लिहिलंय का, ते नातवाला वाचायला सांगा. बीपीच्या जोडगोळ्यांत ही लघवी वाढवणारी औषधं सर्रास असतात. त्यांच्यामुळे मूत्रपिंडं रक्तातलं टाकाऊ युरिक अ‍ॅसिड कमी बाहेर टाकतात, सांध्यांत त्याचे स्फटिक साठतात. हा गाउट. तो पुरुषांचाच आजार असं आपण धरून चालतो आणि बायकांच्या गाठी ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो! रोजची छोटी अ‍ॅस्पिरिनही या आजारात भर घालते.

पण गोळी मनाने थांबवू नका, बीपी चढेल. त्याऐवजी लोसार्टन हे बीपीचंच दुसरं औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. त्याने युरिक अ‍ॅसिड थोडं उतरतं. ऐन ठणक्यात रक्तातल्या युरिक अ‍ॅसिडचा आकडा नॉर्मलही येतो, म्हणून नंतर पुन्हा तपासा, क्रिएटिनिनसह (मूत्रपिंडाची रक्ततपासणी). गाठी झाल्यावर नुसती गोळी बदलून सहसा भागत नाही. आकडा ६ च्या खाली ठेवणारं औषध लागतं. गाठ घरी टोचू नका. ताप आला, सांधा लालबुंद झाला, तर त्याच दिवशी दाखवा.

वरण खुशाल खा. आवरायची ती सुकट आणि कलेजी.