जलवाहिन्यांचे जुने कागदी नकाशे जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत) आणायचे आहेत. कामाची आखणी कशी करावी?

तुमच्याकडे जलवाहिन्या, व्हॉल्व्ह आणि चेंबरचे दोनेक हजार नकाशे आहेत आणि स्कॅनिंगची निविदा आधी काढावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर नाही. आधी नकाशांची यादी करा.

यादीत क्रमांक, भाग, प्रमाण आणि तारीख तर हवीच, पण सगळ्यात मोलाचा रकाना म्हणजे नकाशा प्रस्तावित कामाचा आहे की कार्यपूर्तीचा, म्हणजे काम झाल्यावर प्रत्यक्ष टाकलेली वाहिनी दाखवणारा. प्रस्तावात डाव्या कडेला दाखवलेली वाहिनी, खोदताना खडक लागला म्हणून उजवीकडे गेलेली असू शकते. एकाच वाहिनीबद्दल तीन नकाशे तीन गोष्टी सांगतात, तेव्हा कोणता खरा मानायचा हे काम सुरू व्हायच्या आत लेखी ठरवा. मी हा क्रम धरेन: जागेवरचं ताजं मोजमाप, कार्यपूर्तीचा नकाशा, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मोजमापं लिहिलेली वही) आणि सगळ्यात शेवटी प्रस्ताव. क्रम ठरलेला नसला की प्रत्येक ऑपरेटर आपापल्या समजुतीने रेषा ओढतो आणि तो गुंता पुढे सुटत नाही.

स्कॅनिंग ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके), टिफ या चित्र-फाइलच्या प्रकारात करा. लाल पेन्सिलीच्या दुरुस्त्या असतील तर रंगीतच घ्या, कृष्णधवल स्कॅनमध्ये त्या मूळ रेषांत मिसळून जातात. जीर्ण कागद रोलरच्या स्कॅनरमध्ये घालू नका, फाटतो.

नकाशा जमिनीवर बसवताना, म्हणजे त्यातल्या बिंदूंना जमिनीवरची खरी ठिकाणं देताना, कागद आकसलेला असतो हे विसरू नका. १:५०० च्या नकाशावर ६० सेंमी म्हणजे जमिनीवर ३०० मीटर. कागद अर्धा टक्का आकसला तरी दीड मीटरची चूक. म्हणून नकाशाच्या चार कोपऱ्यांवर विसंबू नका. आजही जागेवर असलेले रस्त्यांचे चौक, जुन्या इमारतींचे कोपरे असे किमान सहा बिंदू नकाशाभर पसरून घ्या. सगळे एकाच बाजूला असले तर आकड्यांत त्रुटी कमी दिसते, पण दुसरी बाजू सरकलेली असते.

रेषा ओढणं त्यामानाने सोपं. चुका लपतात त्या जोडणीत. एकमेकींवरून जाणाऱ्या दोन वाहिन्या जोडलेल्या नसतात, आणि व्हॉल्व्हपाशी वाहिनीचे दोन तुकडे व्हायलाच हवेत. तपासायला संगणकावर एक व्हॉल्व्ह बंद करा, कुठल्या गल्ल्यांचं पाणी बंद होतं ते पाहा आणि ती यादी रोज तो व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला दाखवा. इतकी चोख तपासणी दुसरी नाही.

माहिती भरताना मूळ नोंद पुसू नका. ६ इंच लिहिलेलं असेल तर १५० मिमी वेगळ्या रकान्यात भरा. खोली बहुधा त्या वेळच्या रस्त्यापासून मोजलेली असते. नंतर डांबराचे थर चढले, म्हणून खोलीसोबत मोजमापाची तारीखही ठेवा. वर्ष माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा, ० किंवा १९०० भरू नका. पुढे वयावरून बदलायच्या वाहिन्या निवडताना ही खोटी वर्षं सगळी यादी बिघडवतात. बंद पडलेल्या वाहिन्याही खोडू नका, स्थिती ‘बंद’ करा. खोदणाऱ्याला त्या लागतातच.

प्रत्येक वाहिनीला स्रोत नकाशाचा क्रमांक आणि विश्वासार्हतेचा दर्जा द्या. जमिनीखालच्या वाहिन्यांच्या नोंदींसाठी असलेल्या अमेरिकेतल्या एएससीई ३८ या मानकाचे चार दर्जे सोयीचे आहेत: ड म्हणजे फक्त कागदी नोंद, क म्हणजे जमिनीवर दिसणारे चेंबर, झाकणं मोजून त्यांच्याशी पडताळलेली, ब म्हणजे रडारसारख्या उपकरणाने शोधलेली, अ म्हणजे खड्डा घेऊन उघडी करून मोजलेली. बहुतेक नोंदी ड असतील. ते तसंच दिसू द्या. सगळ्या रेषा एकसारख्या ठळक दिसल्या की खोदणारा सगळ्यांवर सारखाच विश्वास ठेवतो.

पूर्ण निविदेआधी एक दाट जुना भाग आणि एक नवी वसाहत, असा ४० ते ५० नकाशांचा नमुना यादीपासून तपासणीपर्यंत करून पाहा. एका नकाशाला खरे किती तास लागतात ते त्यातूनच कळेल.

काम चालू असताना खोदकामं थांबत नाहीत. एक तारीख ठरवा. त्यानंतरचा प्रत्येक बदल वेगळ्या नोंदवहीत जाऊ द्या आणि त्या भागाचं काम स्वीकारण्याआधी तो चढवा. नव्या वाहिनीचं मोजमाप चर बुजवण्याआधी घ्या, आणि ती नोंद जीआयएसमध्ये दिसेपर्यंत ठेकेदाराचं अंतिम बिल काढू नका. ही अट करारातच घाला.