ॲम्बॅसिडरचे इंजिन बदलावे का?

प्रश्न : वडिलांनी १९८४ साली घेतलेली पेट्रोलवरची ॲम्बॅसिडर आम्ही अजून सांभाळून आहोत. एप्रिल-मे महिन्यांत यवतमाळला जाताना ती तापते, चढावर ओढत नाही आणि मागून निळा धूर सोडते. आमचे मिस्त्री म्हणतात की इंजिन संपले आहे, भंगारातल्या गाडीचे डिझेल इंजिन आणून बसवू. मुलाचे म्हणणे आहे की इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन शोधावे. आम्ही काय करावे?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपण लिहिलेली तीनही लक्षणे एकाच बिघाडाची असतीलच असे नाही, म्हणून इंजिन खरोखर संपले आहे का, हे आधी तपासून घ्यावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. त्याचे कारण पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यातून सरकते ती नळी) यांत असते. तापण्याचे मूळ मात्र बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये सापडते. आपल्याकडे वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाते, त्यातले क्षार नळ्यांत आणि ब्लॉकच्या पाणीवाटांत थरावर थर साचतात, आणि पारा पंचेचाळिशीला गेला की अशा गाडीला थंड व्हायला वावच उरत नाही. रेडिएटर उघडून आतून साफ करून घ्यावा, ब्लॉकमधला गाळ काढावा आणि त्यानंतर शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंटच वापरावे. हे न करता बसवलेले नवे इंजिनही त्याच रेडिएटरपायी तापेल.

त्यानंतर मिस्त्रींना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासायला सांगावे, आणि त्या वेळी आपण स्वतः शेजारी उभे राहावे. इंजिन गरम असताना चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर पाहायचा आणि लिहून ठेवायचा. जिथे दाब कमी भरेल, त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. दाब लक्षणीय वाढला, तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजला आहे. जवळपास तेवढाच राहिला, तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा (ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधल्या पट्टीचा) आहे. व्हॉल्व्हची शंका मी मुद्दाम घेतो, कारण हे १४८९ सीसीचे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे. देशात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि अशा जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो त्या कडा) त्यानंतर अधिक झिजू लागल्या. हेड उतरवून कठीण सीटा बसवल्या, तर बऱ्याचदा गेलेली ओढ परत येते. हेड खाली आहेच, तर पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदाही इथेनॉलला टिकणारे घालावेत. सध्याच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुने रबर फार दिवस तग धरत नाही.

बोअर करून नवे रिंग-पिस्टन घालण्याच्याही पलीकडे इंजिन गेलेले असेल, तरच बदलाचा विचार करावा, आणि तेव्हा मी आपल्या मुलाच्या बाजूने आहे. कंपनीने स्वतः याच गाडीत १८१७ सीसीचे इसुझू इंजिन पाच गिअरांच्या बॉक्ससह दिले होते, त्यामुळे फाउंडेशनच्या (इंजिन चेसिसला धरून ठेवणाऱ्या) पट्ट्या, क्लच, प्रोपेलर शाफ्ट आणि रेडिएटर हे सगळे एकमेकांशी जुळलेले एकाच गाडीतून मिळू शकते. सुटे इंजिन घेऊ नये, हा सगळा संच घ्यावा. आपल्या गाडीचा गिअर स्टिअरिंगखाली असेल, तर नव्या बॉक्सच्या दांड्यासाठी तळाचा पत्रा कापावा लागेल. ताकदही जवळपास दीडपट होते, म्हणून आधी ब्रेक पक्के करावेत. डिझेलचा बेत मला पटत नाही: जड इंजिनाने पुढचे टॉर्शन बार (स्प्रिंगचे काम करणारे दांडे) दबतात, थरथर वाढते, आणि कायद्याची अडचण तर सर्वांत मोठी आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्टपणे मांडली. इंधन बदलण्याची मुभा मान्यताप्राप्त किटपुरती आहे. भंगारातून आणलेले डिझेल इंजिन म्हणजे किट नव्हे. परवानगीशिवायच्या बदलासाठी कलम १८२-अ मध्ये प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून इसुझूचे इंजिन घेतानाही ज्या गाडीतून ते काढले तिची कागदपत्रे आणि विक्रीची पावती घ्यावी, इंजिन क्रमांक ताडून पाहावा आणि काम सुरू करण्यापूर्वीच यवतमाळच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. तिथून होकार आला नाही, तर मूळ इंजिनच दुरुस्त करावे. विमा कंपनीलाही बदल कळवावा, नाहीतर अपघातानंतर दावा अडकतो.

आणखी एक गोष्ट आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राहिलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते; चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेल्या गाडीला मिळत नाही. आपली गाडी २०३४ मध्ये त्या वयाची होईल. त्या नोंदणीवर गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, हे खरे, पण वडिलांची गाडी जपायची असेल तर हा विचार जरूर करावा.

प्रश्न : जुन्या जीपला ट्रॅक्टरचे इंजिन बसवले तर चालते का?
– एक शेतकरी वाचक, जि. वर्धा

उत्तर : बसवू नये. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला साधारण दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांपुरतेच बांधलेले असते, त्यामुळे जीपच्या गिअरवर रस्त्याचा वेग मिळत नाही. शिवाय बहुतेक ट्रॅक्टरांत इंजिनाचा ब्लॉक हाच सांगाड्याचा भाग असल्याने त्याला बाजूने फाउंडेशन घेण्याची सोय नसते, आणि वेल्डिंग करून लावलेले ब्रॅकेट थरथरीने तडकतात.