ऑर्डरी येतात, पण जाहिरातीच्या डॅशबोर्डवर दिसत नाहीत. ट्रॅकिंग कोड नीट चालतोय का, हे स्वतः कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की नागपूरहून संत्रा बर्फी आणि सावजी मसाला ऑनलाइन विकता, वेबसाइट वर्डप्रेसवर आणि तिच्यातलं दुकान वूकॉमर्स या प्लगइनवर आहे, फेसबुक-इन्स्टाग्राम आणि गूगल दोन्हीकडे जाहिराती चालू आहेत. ऑर्डरी रोज येतात, पण डॅशबोर्डवर त्यातल्या निम्म्याही दिसत नाहीत, आणि वेबसाइट बनवणारा म्हणतो, "कोड तर लागलेला आहे."

तो खरं बोलत असेल. पण कोड पानावर असणं वेगळं, आणि ऑर्डर पक्की झाल्याच्या क्षणी त्याने बरोबर रक्कम घेऊन बरोबर ठिकाणी निरोप पोचवणं वेगळं. बहुतेक जण होमपेज उघडून पिक्सेलचं, म्हणजे फेसबुकच्या ट्रॅकिंग कोडचं, चिन्ह दिसलं की तपासणी संपवतात. मी धरमपेठेत बसून हेच काम करतो, आणि बिघाड होमपेजवर क्वचितच सापडतो. तो असतो पैसे भरल्यानंतरच्या पानावर, ज्याला आपण थँक यू पेज म्हणतो.

म्हणून कोडला हात लावण्याआधी ऑर्डरींची यादी काढा. वूकॉमर्समधून गेल्या आठवड्याच्या ऑर्डरी घ्या, प्रत्येकीपुढे पेमेंट कसं झालं ते ठेवा: यूपीआय, कार्ड की कॅश ऑन डिलिव्हरी. मग गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या (साइटवरच्या भेटी आणि खरेद्या मोजणारं गूगलचं साधन) एक्सप्लोर भागात ट्रान्झॅक्शन आयडीप्रमाणे, म्हणजे खरेदीच्या क्रमांकाप्रमाणे, खरेद्यांची यादी काढा आणि दोन्ही याद्या शेजारी लावा. गहाळ ऑर्डरी कोणत्या रकान्यात गोळा होतात ते बघा. सगळ्या यूपीआयच्या असतील तर दुखणं एक, सगळीकडे विखुरलेल्या असतील तर दुसरं. अ‍ॅनालिटिक्समध्ये आकडे यायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून कालच्या ऑर्डरी यात धरू नका.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. जाहिरातीच्या डॅशबोर्डवर सगळ्या ऑर्डरी कधीच दिसणार नाहीत, कारण तिथे फक्त जाहिरातीमुळे आलेल्या ऑर्डरी मोजल्या जातात. मेटा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी, साधारणपणे क्लिकनंतरचे ७ दिवस आणि नुसती जाहिरात पाहिल्यानंतरचा १ दिवस धरतो. गूगल अ‍ॅड्स ऑर्डर ज्या दिवशी झाली त्या दिवसाखाली न दाखवता, क्लिक ज्या दिवशी झाला त्या दिवसाखाली दाखवतो. सोमवारी क्लिक केलेल्या माणसाने शुक्रवारी बर्फी मागवली तर ती ऑर्डर सोमवारच्या खात्यात जाते. दोन्हीकडची बेरीज तुमच्या वहीशी जुळत नाही म्हणून घाबरू नका. अ‍ॅनालिटिक्समध्येच ऑर्डरी गहाळ असतील तर मात्र काळजीचं कारण आहे.

आता खरी तपासणी. स्वतः एक ऑर्डर करा, अगदी पैसे भरेपर्यंत. सगळ्यात स्वस्त मसाल्याचं पाकीट घ्या, नंतर रद्द करा. क्रोममध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बंद ठेवा, मेटा पिक्सेल हेल्पर बसवा आणि गूगलच्या टॅग असिस्टंटमध्ये तुमच्या साइटचा पत्ता टाकून साइट तिथूनच उघडा. मेटाच्या इव्हेंट्स मॅनेजरमध्ये टेस्ट इव्हेंट्स नावाचा टॅब आहे, तोही शेजारी उघडा ठेवा.

याहून खात्रीचा पुरावा मला नेटवर्क टॅबमध्ये मिळतो. एफ१२ दाबा, नेटवर्कवर जा आणि प्रिझर्व्ह लॉगवर टिक करा. ही टिक विसरलात तर पेमेंटच्या पानावर जाताच आधीची सगळी यादी पुसली जाते आणि मेहनत वाया. ऑर्डर पूर्ण झाली की यादीत दोन गोष्टी शोधा. मेटाची विनंती फेसबुक डॉट कॉम स्लॅश टीआर अशी जाते, आणि तिच्यात इव्हेंटचं नाव पर्चेस असायला हवं. अ‍ॅनालिटिक्सच्या विनंतीत कलेक्ट हा शब्द असतो. नुसतं पेजव्ह्यू दिसतंय आणि पर्चेस नाही, तर कोड फक्त "कुणीतरी पान उघडलं" एवढंच सांगतोय.

पर्चेस सापडलं तर आतली रक्कम वाचा. इथे मी नेहमी थांबतो. तुमच्या साइटवर डब्याची किंमत रुपयाचं चिन्ह आणि स्वल्पविराम लावून १,२५० अशी दिसते. कोड लिहिणाऱ्याने तोच मजकूर पानावरून उचलून, फक्त चिन्ह काढून आकड्यात बदलला, तर मजकुराचा आकडा करणारं जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट स्वल्पविरामापाशी थांबतं आणि हातात १ उरतो. साडेबाराशेची ऑर्डर एक रुपयाची म्हणून नोंदली जाते. पुढे रुपयाचं चिन्ह राहिलं तर आकडाच बनत नाही. चिन्ह काढलेलं असेल तर ९९९ पर्यंतच्या ऑर्डरी मात्र ठीक दिसतात, म्हणून कुणाला संशय येत नाही. तपासणीची एक ऑर्डर हजाराच्या वरची करा ती याचसाठी. चलनाच्या जागी आयएनआर आहे ना, तेही बघा.

तुमचं दुखणं मात्र मला यूपीआयमध्ये वाटतं. तुमचं गिऱ्हाईक कोण आहे बघा: पुण्या-मुंबईत राहणारा नागपूरकर, हातात फोन. तो इन्स्टाग्रामवरची जाहिरात दाबतो, ऑर्डर करतो, पेमेंटसाठी यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जातो, पिन टाकतो, "पेमेंट झालं" बघतो आणि फोन खिशात ठेवतो. ब्राउझरकडे तो परत येतच नाही. पैसे आल्याचा निरोप पेमेंट गेटवे (पैसे घेणारी सेवा) तुमच्या सर्व्हरला थेट देतो, म्हणून ऑर्डर वूकॉमर्समध्ये नीट पडते. थँक यू पेज मात्र कुणी उघडलंच नाही, मग त्यावरचा कोड चालणार कसा? लॅपटॉपवर कार्डाने तपासणाऱ्या माणसाला हे कधीच दिसत नाही. म्हणून दुसरी ऑर्डर फोनवरून करा, यूपीआयने करा, आणि पैसे भरल्यावर मुद्दाम परत येऊ नका. टेस्ट इव्हेंट्सचा टॅब तुम्हाला फोनवरच्या ऑर्डरीसाठी लावता येत नसेल तर दोन दिवसांनी तो ऑर्डर क्रमांक अ‍ॅनालिटिक्समध्ये शोधा.

तिथे तो नसेल तर थँक यू पेजवर कितीही वेळा कोड बदलून उपयोग नाही. खरेदीचा निरोप ब्राउझरऐवजी सर्व्हरवरून, पैसे आल्याची खात्री झाल्यावर पाठवायला लागतो. मेटासाठी याला कन्व्हर्जन्स एपीआय म्हणतात. गूगल अ‍ॅड्ससाठी क्लिकचा जीक्लिड (पत्त्याला जोडून येणारा त्या क्लिकचा ओळख क्रमांक) ऑर्डरीसोबत जपून नंतर कन्व्हर्जन, म्हणजे खरेदीची नोंद, अपलोड करता येतं. फक्त एक अट: ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडून निरोप गेला तर एकच ऑर्डर दोनदा मोजली जाईल. मेटाकडे दोन्ही निरोपांत इव्हेंटचं नाव आणि इव्हेंट आयडी सारखाच द्या, गूगलकडे ट्रान्झॅक्शन आयडी. सरळ ऑर्डर क्रमांकच वापरा. थँक यू पेज रिफ्रेश करणाऱ्या गिऱ्हाइकाची गूगलकडची दुहेरी नोंदही यानेच टळते.

वर्डप्रेसवाल्यांसाठी आणखी एक जागा आहे, कॅशचा प्लगइन (रोख पैशाचा नव्हे, पानं साठवून साइट वेगवान करणारा). साइट वेगवान व्हावी म्हणून त्यात जावास्क्रिप्ट उशिरा चालवायची सोय असते. ती चालू असेल तर माणसाने स्क्रीनला बोट लावेपर्यंत किंवा स्क्रोल करेपर्यंत कोड सुरूच होत नाही. दुकानाच्या पानावर हे चालून जातं, लोक तिथे स्क्रोल करतातच. थँक यू पेजवर मात्र लोक नुसतं बघतात आणि बंद करतात. इतवारीतल्या एका मसाल्याच्या दुकानाच्या साइटवर नेमकं हेच होतं. तपासणारा प्रत्येक जण पानावर माउस हलवायचा, त्यामुळे त्याच्यासमोर कोड बरोबर चालायचा. प्लगइनच्या वगळलेल्या फाइलींच्या यादीत ट्रॅकिंगचे कोड टाकले आणि प्रश्न सुटला. तुम्ही तपासताना पान उघडल्यावर हात बाजूला ठेवून बघा.

उरलेल्या गोष्टी पटकन बघून होतात. टॅग मॅनेजर (सगळे ट्रॅकिंग कोड एका जागी ठेवायचं गूगलचं साधन) वापरत असाल तर बदल नुसता सेव्ह केलाय की पब्लिशही केलाय ते बघा, प्रिव्ह्यूमध्ये न पब्लिश केलेलाही टॅग चालतो. कोड वर्डच्या फाइलमधून चिकटवला असेल तर सरळ अवतरण चिन्हं वाकडी होतात आणि एफ१२ च्याच खिडकीतल्या कन्सोल टॅबमध्ये लाल अक्षरांत सिंटॅक्स एरर येतो. आणि साइटच्या पत्त्याला शेवटी जीक्लिड (?gclid=test असं) जोडून उघडा. पान उघडल्यावर ते पत्त्यातून गायब झालं, तर मधला एखादा रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर वळवणारी सोय) जाहिरातीची खूण पुसून टाकतोय.

एवढं सगळं करूनही थोडी गळती राहील. २०२१ च्या एप्रिलमध्ये आलेल्या आयओएस १४.५ पासून आयफोनवरच्या अ‍ॅप्सना माग ठेवायला परवानगी विचारावी लागते, आणि सफारी अशा कोडने ठेवलेल्या कुकीज जास्तीत जास्त ७ दिवस टिकू देतो. गिऱ्हाइकाने नको म्हटलं तर नको. पाळत वाढवून ती भोकं बुजवायच्या फंदात पडू नका. उलट थँक यू पेजच्या पत्त्यात कुणाचा फोन नंबर किंवा ईमेल तर जात नाही ना, हे आजच बघा. तो पत्ता जसाच्या तसा जाहिरात कंपन्यांकडे पोचतो, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ती जबाबदारी दुकानदारावर टाकली आहे.

दुरुस्ती होईपर्यंत जाहिरातीचं बजेट वाढवू नका, आणि कमी ऑर्डरी दिसतात म्हणून एखादी मोहीम बंदही करू नका. दोन्हीकडची यंत्रणा आलेल्या खरेद्यांवरूनच शिकते. यूपीआयवाली गिऱ्हाइकं तिला दिसलीच नाहीत तर ती तशा लोकांना जाहिरात दाखवणं कमी करत जाते, आणि तुमची बर्फी घेणारे तर तेच आहेत. दिवाळीच्या आधी हे मार्गी लावा, तेव्हा पैसाही जास्त लागतो आणि वाया गेलेला रुपया भरून काढायला वेळ नसतो.

दोन याद्या जुळवून झाल्या की गहाळ ऑर्डरींपुढचे पेमेंटचे प्रकार आणि कॅश प्लगइनचं नाव इथेच खाली लिहा. गिऱ्हाइकांची नावं-नंबर टाकू नका. वेबसाइटवाल्याला नेमकं काय सांगायचं ते मग मी लिहून देतो.