वाळवंटातला फागुन आन आपला पळस

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की तुमच्या घराभोवती सध्या काय फुललंय, कोणतं पाखरू नवीन दिसतंय ते कळवा. मला वाटलं पळस, मोह, काटेसावर एवढंच येईल, पण पत्रं आली ती थेट जोधपूर आणि अमेरिकेची, कारण आपली माणसं आता कुठं कुठं जाऊन पोचलीयत. तीन प्रश्न घेतेय. बाकीच्यांनी रागावू नका, आणि मोहाच्या भट्टीबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांना तर मी उत्तर देणारच नाहीये.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचे हे बीएसएफमध्ये आहेत, सध्या पोस्टिंग जोधपूरले. होळीच्या आधी मी पोरीले घेऊन पंधरा दिवस राहून आली. जातानी वाटलं तिथं काय असन, नुसती रेती. पण क्वार्टरच्या मागं एक झाड केशरी फुलांनी असं भरलं होतं का पोरगी वरडली, आई पळस! हे म्हणे पळस नाही. मंग काय ते? अन किल्ल्याच्या खडकावर एक काटेरी झाड, एक पान नाही, नुसते लाल लाल बारके फुलं. आन आपली वेडी बाभूळ तं जिकडं तिकडं, मले घरीच आल्यासारखं वाटलं. एवढ्या कोरड्यात हे फुलते कसं? (एक वाचक, घाटंजी तालुका)

उत्तर : पोरीला रागावू नका, लांबून कोणीही फसेल. ते रोहिड्याचं झाड, आपल्याकडं रक्तरोहिडा म्हणतात तेच. राजस्थानचं राज्यफूल आहे ते, आणि लाकूड इतकं चांगलं की तिकडं त्याला मारवाडचं सागवान म्हणतात. ओळखायची सोपी खूण सांगते, पळसाला पानं तीनच ही म्हण आपल्याला पाठ आहे, रोहिड्याला मात्र पान एकेकटं, लांबट, मळकट हिरवं आणि कडेनं लाटा लाटा असलेलं. फूलही पळसासारखं पोपटाच्या चोचीचं नसतं, ते तुतारीसारखं, तोंड उघडं. आणि गंमत म्हणजे एका झाडाचं पिवळं, शेजारच्याचं केशरी, त्याच्या पलीकडच्याचं लालभडक, असं असतं. पुढच्या व्हिडिओ कॉलला भाऊजींना सांगा खाली पडलेलं एक फूल तळहातावर घेऊन दाखवा, पोरीला कळेल.

खडकावरचं झाड बहुतेक थोर असावं. कांड्या जाड, मांसल असतील आणि कुठं खरचटलं तर पांढरा चीक येत असेल तर थोरच. (मुद्दाम तोडून बघायला सांगू नका, तो चीक डोळ्यात गेला की रडायची वेळ येते.) मेहरानगड म्हणजे जोधपूरचा तो किल्ला, त्याच्या भोवतीचा सगळा खडक या थोरानं भरलेला आहे, ऐन कोरड्यात पानं टाकून देतो आणि नुसत्या काड्यांवर लाल फुलतो. आणि कांड्या बारीक, हिरव्या, झुडपासारख्या असतील तर तो केर, आपली नेपती, त्याच्या फळांचं लोणचं घालतात. थोर असो की केर, पानं नाहीत म्हणून उपाशी राहत नाहीत, कांडीच हिरवी असते, पानाचं काम तीच करते.

आता फुलते कसं. खरं तर हा प्रश्न तुम्ही घाटंजीतच विचारायला पायजे होता, कारण आपला पळस तरी कुठं पाण्यात उभा आहे! पऱ्हाटी उपटून झाली, वावर रिकामं, विहिरीनं तळ दाखवला आणि तेव्हाच हा भडकतो. मुळं खोल गेलेली असतात, वरच्या कोरडीशी त्याला देणंघेणं नसतं. पानं गळाली की फुलं पाखरांना लांबून दिसतात, मध्ये आडवं काही नाही, आणि आत्ता फुललं तर मे-जूनपर्यंत शेंग पिकून बी खाली पडतं, तोवर पाऊस येतो. म्हणजे आपण पेरणीच्या आधी बियाण्याची तयारी करतो ना, अगदी तेच. रोहिड्याच्या बीला तर बारीक पंख असतात, उन्हाळ्याच्या वाऱ्यात उडत जाते.

माझ्या धुऱ्यावर एक म्हातारा पळस आहे, मी रोज सहा-साडेसहाला चहाचा कप घेऊन त्याच्या खाली जाऊन बसते, घरचे म्हणतात येडी झाली. पण त्या अर्ध्या तासात मैना, बुलबुल, कोतवाल सगळे हजेरी लावतात, खारूताई फुलात तोंड घालते आणि बाहेर काढते तेव्हा मिशांना पिवळा पराग लागलेला असतो. जोधपूरला हे सगळं रोहिड्यावर बघायला मिळेल. भाऊजींना खास शिंजीर बघायला सांगा, अंगठ्याएवढं पाखरू, चोच वाकडी. हिवाळ्यात नर अगदी मादीसारखा मळकट पिवळा असतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ, पेन फुटून शर्टावर शाई ओघळावी तशी. मग फागुन लागला की ती शाई पसरत जाते आणि होळीपर्यंत पूर्ण अंग निळं-जांभळं चमकायला लागतं. मधल्या दिवसात तो अर्धा इकडचा अर्धा तिकडचा, चट्टेपट्टेवाला दिसतो, लोकांना वाटतं हे तिसरंच पाखरू आहे.

खेजडी बघितली का तुम्ही? बघितलीच असणार, वावरावावरात असते ती, म्हणजे आपली शमी हो. आपण दसऱ्याला आपट्याकडं धावतो आणि शमी आपल्याला अदासाच्या शमी विघ्नेशामुळं नावानं माहीत, पण तिकडं ती घर चालवते. मार्चच्या सुमारास बारीक पिवळसर तुरे येतात, मग शेंगा, त्याच सांगरी, केर-सांगरीची भाजी तुम्ही खाल्ली असेलच. जोधपूरहून पंचवीसेक किलोमीटरवर खेजडली गाव आहे, तिथं १७३० साली राजाची माणसं खेजडी तोडायला आली तेव्हा अमृतादेवी नावाची बिश्नोई बाई (झाडं-जनावरं जपणारा पंथ आहे हा) झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि तिच्यासकट एकूण ३६३ माणसं मारली गेली. पुढच्या वेळी गेलात तर पोरीला घेऊन जा तिथं. बिश्नोई गावांच्या वावरात चिंकारा आणि काळवीट बिनधास्त चरताना दिसतात. आपल्याकडं काळवीट बघायला कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात जावं लागतं आणि वावरात दिसलं तर आपण काठीच उचलतो. मीही उचललीय, खोटं कशाला बोलू, हरभरा खाल्ला की जीव जळतो.

वेडी बाभूळ पाहून घरच्यासारखं वाटलं म्हणता, पण ती ना तुमच्या घरची ना त्यांच्या, ती अमेरिका खंडातून आलेली. जोधपूरच्या राजानं १९३० च्या दशकात वाळवंट हिरवं करायचं म्हणून विमानातून तिचं बी टाकलं होतं, आणि हिरवं झालंही, पण तिच्याखाली दुसरं काही उगवू देत नाही, आणि जनावरांनी शेंगा खाल्ल्या की शेणातून बी चारी दिशांना. तिकडं तिला बावळिया म्हणतात. किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, साधारण ७० हेक्टर, २००६ ला काम सुरू झालं, २०११ ला लोकांसाठी उघडलं. तिथं ही बाभूळ खडकात मुळं घालून बसली होती, वरून तोडली की पुन्हा फुटायची. शेवटी दगड फोडणाऱ्या खांडवालिया लोकांना बोलावलं, ते हातोडी मारून नुसत्या आवाजावरून सांगायचे की खडक कुठं कच्चा आहे, तिथं छिन्नी लावून मुळासकट काढली. मग त्याच खड्ड्यांत थोर, केर, रोहिडा अशी तिथलीच झाडं लावली. भाऊजींना सुट्टीच्या दिवशी सकाळी तिथं जायला सांगा, उन्हं तापायच्या आत.

एक गोष्ट मात्र तुमची हुकलीच असेल. फलोदीजवळ खीचन नावाचं गाव आहे, तिथं हिवाळ्यात हजारोंनी करकोचे उतरतात, तिकडं त्यांना कुरजां म्हणतात, गावकरी रोज ज्वारी-बाजरीसारखे दाणे टाकतात. मार्चपर्यंत ते हिमालय ओलांडून परत निघतात. पुढच्या वर्षी पोरीची परीक्षा आड येत नसेल तर जानेवारीतच जा.

प्रश्न : मी सुनेच्या बाळंतपणाले अमेरिकेत टूसॉनले गेली होती, मार्च ते मे. घरासमोर विजेच्या खांबासारखे उंच निवडुंग. पाखरं त्याले टोचून टोचून भोकं पाडतेत, तरी ते मरत नाही, असं काहून? आन सून म्हणे त्याले रात्री फुलं येतेत, मले खोटं वाटते. (एक आजी, अकोट तालुका)

उत्तर : आजी, माझी धाव शेगावपर्यंत, अमेरिका मी पुस्तकात आणि फोटोतच पाहिलीय, पण सून खरं बोलतेय. ते सग्वारो निवडुंग. एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत फुलतं, शेंड्याला पांढरी फुलं, रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपार ढळली की मिटतं, एका फुलाचं आयुष्य तेवढंच. रात्री वटवाघळं येतात आणि सकाळी मधमाश्या आणि कबुतरं. आता आपला मोह आठवा! तोही रात्रीच फुलतो, त्यालाही वटवाघळं लटकतात आणि पहाटे फुलं टपटप पडायला लागली की टोपली घेऊन बाया निघतात, अस्वलाच्या आधी पोचायचं म्हणून. तिथले मूळ रहिवासी तोहोनो ओओडम लोक, ते जूनमध्ये सग्वारोची फळं लांब काठीनं पाडतात, त्याचा पाक करतात आणि थोडी आंबवून वाइनही, ती पाऊस यावा म्हणून पितात. (भट्टीवाल्यांनो, उगाच खुश होऊ नका.) आणि पाऊस तिथंही जुलैलाच येतो, त्यालाही तिथली माणसं मान्सूनच म्हणतात, फक्त वर्षाला तीनशे मिलीमीटरच्या आतबाहेर, आपल्या नागपूरकडं हजारच्या वर पडतो.

भोकं पाडतो तो सुतारपक्ष्याच्या जातीचा. झाड त्या जखमेला आतून टणक खपली धरतं, गोल मडक्यासारखी, त्यामुळं आतलं पाणी उडून जात नाही. झाड मेल्यावरही ती मडकी जशीच्या तशी सापडतात. आणि सुतारपक्ष्यानं घर सोडलं की तिथं एक घुबड राहायला येतं, जगातलं सगळ्यात लहान, चिमणीहून थोडंच मोठं, हिवाळा मेक्सिकोत काढून उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतं. म्हणजे एक घर बांधतो, दुसरा भाड्यानं राहतो आणि भाडं कोणीच देत नाही.

त्या झाडाला हात फुटायलाच साधारण पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात, तेव्हा दारासमोर हातवालं असेल तर ते तुमच्याहून मोठं असेल, पुढच्या वेळी नमस्कार करा. रस्त्याच्या कडेनं पिवळीधमक झालेली झाडं पाहिली असतील ती पालो वर्डे, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थच हिरवी काठी, खोडच हिरवं, वरच्या ताईंच्या केरासारखं. आणि डोक्यावर तुरा असलेले ते तितरासारखे पक्षी पिल्लांची रांग घेऊन अंगणातून जातात ना, त्याचा व्हिडिओ नातवासाठी जपून ठेवा. रानडुकरासारखं दिसणारं जनावर दिसलं असेल तर ते डुक्कर नाहीये, हॅवलिना म्हणतात, वेगळं घराणं. पण कुंडीतली झाडं खातं म्हणून शिव्या मात्र आपल्यासारख्याच.

आपला फड्या निवडुंग आणि घायपातही मूळचे तिकडचेच, बरं का.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या नांगरलेल्या वावरात टिटवीनं उघड्यावर चार अंडे घातले. वरून इतकं ऊन, ते उकडून नाही जात काय? आजोबा म्हणते चार अंडे म्हणजे चार महिने पाऊस. (मूल तालुका)

उत्तर : शाब्बास, तुझी नजर चांगली आहे, ती अंडी ढेकळांत दिसणं सोपं नसतं. चार अंडी ती दरवर्षीच घालते रे, पाऊस पडो की दुष्काळ, पण आजोबांना हे सांगू नको, त्यांना बरं वाटतंय तर वाटू दे. उकडत नाहीत कारण नर-मादी आळीपाळीनं बसतात, दुपारी तर बसतात ते ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. आणि एक काम कर, दुपारी लांब बांधाच्या झाडाखाली बसून बघ, जवळपास डबकं किंवा कालवा असेल तर टिटवी तिथं जाते, पोट पाण्यात बुडवून पिसं ओली करते आणि तशीच येऊन अंड्यांवर बसते. कूलरच म्हण. अठ्ठावीसेक दिवसांत पिल्लं निघतात आणि पहिल्याच दिवशी पळायला लागतात.

ट्रॅक्टरवाल्या काकांना आधीच सांगून ठेव. खूण म्हणून काडी रोवायची तर दहा पावलं लांब रोव, अगदी जवळ रोवलीस तर कावळ्याला पत्ता दिल्यासारखं होईल. आणि अंड्याला हात लावू नको, टोपली तर अजिबात झाकू नको, ती डोक्यावर येऊन ओरडायला लागली की समज तू जास्त जवळ आलास, मागं सर.